क्रॉसबो घेताना वेग विचारू नका

माझा भाचा अमेरिकेत, विस्कॉन्सिनात, डेअरीच्या मशीन बसवणाऱ्या कंपनीत आहे. मी आणि ताई पावसाळा सरताना त्याच्याकडे गेलो होतो. तिथं त्याच्यासोबत हरणाच्या शिकारीचा क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा घोडा दाबून सोडायचं आडवं धनुष्य, घ्यायला दुकानात गेलो, ही बातमी माझ्याआधी गावात पोचली. तेव्हापासून माझ्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॅक्टरचा हुक जोडायला आलेला माणूसही हुकाचं नंतर बोलतो. "काका, ते धनुष्य आपल्याइकडं भेटते काय? किती ले पडते?"

म्हणून आधी इकडचं सांगून मोकळा होतो. दारव्हा-कारंजा पट्ट्यात ज्याचं वावर आहे त्याला काळविटाचा कळप म्हणजे काय हे मी काय सांगणार. हरभरा वीतभर झाला की कळप उतरतो, शेंडे खुडतो, आणि जे खात नाही ते तुडवतो. रोही, म्हणजे नीलगाय, तुरीत शिरला की ओळीच्या ओळी आडव्या. जागल करून करून माणसाचं डोकं फिरतं, हे मला मान्य. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नाही. फासा लावणं, विष घालणं, जखमी करणं, आणि नुसता प्रयत्न करणं हेसुद्धा शिकारच. हत्यार बंदूक होतं की बाण, हे तिथं कुणी विचारत नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात. जोधपूरकडचं १९९८ चं काळविटाचं प्रकरण आठवा. एवढा मोठा नट, पण वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, न्यायालयानं पाच वर्षं सुनावलीच. रोही आणि रानडुकरासाठी राज्यात अर्ज करून परवानगी मागायची वाट आहे. ती किती खडबडीत आहे ते ज्यांनी अर्ज केलेत त्यांना विचारा, मी इथं तोंड उघडत नाही. हरणासाठी मात्र तीही वाट धरू नका. तेव्हा गावातल्या गड्यांनो, हे वाचून कुणी ऑनलाइन ऑर्डर टाकू नका. तुमचं काम कुंपणाच्या झटका मशीननं होईल. तिचं अर्थिंग कसं करायचं ते दुकानात या, फुकट सांगतो.

आता भाच्याची खरेदी. हे लिहायचं कारण असं, की तिकडे राहणारी आपली बरीच मराठी पोरं आता शिकारीला जातात, आणि दुकानात गेल्यावर काय पाहायचं हे त्यांना सांगणारं घरात कुणी नसतं. मी शिकारी नाही. पण स्प्रिंग, पुली, ताण आणि घोडा या गोष्टींत माझं आयुष्य गेलंय, आणि क्रॉसबोत या चार गोष्टींपलीकडे फारसं काही नाही.

तिकडची रीत थोडक्यात. हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं, व्हाइटटेल. दर हिवाळ्यात त्याची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात, आपल्या काळविटासारखी जन्मभराची नसतात. धनुष्याचा मोसम सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो, बंदुकीचे नऊ दिवस नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारपासून. २०१४ च्या आधी विस्कॉन्सिनात क्रॉसबो वयस्कर आणि अपंग शिकाऱ्यांपुरताच होता, आता परवाना काढला की कुणालाही चालतो. १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घेतल्याशिवाय परवाना नाही. हरीण पाडलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करावी लागते. जंगलातल्या हरणाचं मांस विकता येत नाही, खायचं किंवा वाटायचं. आणि धनुष्यावर जो ११ टक्के कर बसतो, तो वन्यजीवांच्या कामासाठीच राज्यांना जातो, १९३७ च्या कायद्यानं. हे ऐकून मी गप्प बसलो. हरणाच्या जिवावर हरणाचं रान चालतं, हा हिशोब पटायला जड आहे, पण हिशोब आहे.

भाच्याचा खांदा क्रिकेट खेळताना एकदा निखळला होता. साधं कंपाउंड, म्हणजे चकऱ्या-केबलचं हातानं ओढायचं धनुष्य ताणून धरणं त्याला जमत नाही. क्रॉसबो एकदा ताणून अडकवला की मग तो घोडा दाबेपर्यंत स्वतःच ताण धरून बसतो. त्याला हवा होता तो एवढ्याचसाठी.

दुकानात शिरल्या शिरल्या विक्रेत्यानं भिंतीवरचा सगळ्यात महाग नग काढला आणि पहिलं वाक्य बोलला ते वेगाचं. ४७० फूट सेकंदाला! भाचा माझ्याकडे पाहतो, मी त्या नगाकडे पाहतो. तिथल्या प्रत्येक खोक्यावर तोच एक आकडा मोठ्या अक्षरात, बाकी सगळं बारीक. आपल्याकडे मोटारपंप घेताना दुकानदार एचपी सांगतो आणि हेड किती ते विचारलं की खोकतो, तसलाच प्रकार.

या वेगाचं गणित मी त्याच रात्री जेवणाच्या टेबलावर बिलाच्या पाठीमागं मांडलं. हरीण समजा ३० वारांवर उभं आहे, म्हणजे ९० फूट. आवाज सेकंदाला साधारण ११०० फूट जातो. दोरी सुटल्याचा खटका हरणाच्या कानात एका सेकंदाच्या बाराव्या हिश्श्यात पोचतो. ३५० वेगाच्या बाणाला तेवढंच अंतर कापायला पाव सेकंद लागतो. बरं, ४५० चा घेतला तर? एक पंचमांश सेकंद. म्हणजे हजार डॉलर जास्त मोजून तुम्ही वाचवले सेकंदाचे पाच-सहा शतांश, आणि आवाज तरीही बाणाच्या आधीच पोचला. हरीण दचकलं की उडी घेण्याआधी खाली बसकण मारतं, पाय दुमडतं, आणि फुप्फुसावर नेम धरलेला बाण पाठीवरून निघून जातो किंवा त्याहून वाईट, पाठीत नुसता रुततो. यावर इलाज वेग नाही. इलाज दोन: जवळून मारायचं, आणि आवाज कमी करणारं धनुष्य घ्यायचं.

आवाजाचं मात्र खोक्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. ते ऐकावंच लागतं. त्या दुकानाच्या मागच्या बाजूला चाचणीची लांबट खोली होती. मी भाच्याला म्हटलं, "तू मार, मी निशाणाजवळ आडोशाला उभा राहून ऐकतो." विक्रेत्यानं तिथं उभं राहू दिलं नाही, आणि बरोबर केलं त्यानं. मग आम्ही दाराबाहेर उभं राहून ऐकलं. तो ४७० वाला सुटला तेव्हा शेजारच्या काउंटरवरच्या बाईनं मान वळवली. ३८० च्या आसपासचा एक होता, दोरीला रबराचे बोंडे लावलेला, त्याचा आवाज जाड आणि दबका. बाण जड घातला की आणखी दबतो. कंपन्या वेग मोजतात हलक्या बाणावर, हे लक्षात ठेवा. बाण ४०० ग्रेनचा, म्हणजे २६ ग्रॅमचा घ्या, वेग ३५० धरा. ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०, की फूट-पौंडात जोर निघतो. तो येतो १०९. हरणासाठी ४० च्या आसपास पुरे धरतात. म्हणजे दुपटीहून जास्त जोर हाताशी असताना माणूस अजून वेग मागतोय.

आता ताण. विस्कॉन्सिनच्या नियमात क्रॉसबोला किमान १०० पौंड ओढ लागते. दुकानातले बहुतेक १५० ते २२५ चे. २०० पौंड म्हणजे ९० किलो, आणि ते तुम्ही कमरेतून वाकून, पुढच्या रिकिबीत पाय देऊन वर ओढायचं असतं. नुसत्या हातानं ओढलं तर दोरी मधोमध बसेलच असं नाही. बोटभर जरी एका अंगाला सरकली तरी बाण दर वेळी बाजूला जातो. म्हणून दोन हुक आणि चकऱ्यांची दोरी मिळते, तिनं ओढ निम्म्यावर येते आणि दोन्ही बाजू सारख्या बसतात. भाच्यानं ती लावून ओढली, दोनदा बरी, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला. मग हँडल फिरवून ताणायचा पर्याय बघितला. त्याला वजन आणि पैसा दोन्ही वाढतं, पण ओढ फारशी लागत नाही. मी त्याला विचारलं ते एकच: "पहाटे साडेपाचला, उणे तापमानात, अंगावर चार थर कपडे, अशात तुले कोणतं जमन?" त्यानं हँडलवाला उचलला.

हँडलवाल्यांचा आणखी एक फायदा विक्रेत्यानं सांगितला नव्हता, मी विचारून काढला. दिवसभर बसून हरीण आलंच नाही तर ताणलेलं धनुष्य उतरवायचं कसं? बहुतेक क्रॉसबो हातानं सैल सोडता येत नाहीत, एक जुना बाण जमिनीत किंवा निशाणात मारून मोकळे करावे लागतात. हँडलच्या काही नगांत ते उलटं फिरवून हळूच उतरवता येतं. आणि बाण न लावता घोडा कधीच दाबायचा नाही. सगळा जोर बाणात जायचा तो धनुष्याच्या दोन बाजूंच्या पात्यांत जातो आणि पाती चिरतात. चांगल्या नगात त्यासाठी अडसर असतो, बाण बसल्याशिवाय घोडा सुटतच नाही. तो आहे का हे विचारा, नुसतं विचारू नका, दाखवायला लावा.

आणि अंगठा. हे मी ठळक लिहितो. पुढचा हात जिथं धरतो तिथून अंगठा वर आला, बाण ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या वर, तर दोरी तो घेऊन जाते. मी स्वतः एकेका नगाचा पुढचा दांडा धरून बघितला. ज्याला दोन्ही बाजूंना पंखासारखी आड होती तेच बाजूला काढून ठेवले. माझ्या दुकानात ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणाऱ्या पोरांना मी हाकलून देतो, त्यामुळे या बाबतीत माझं डोकं लवकर तापतं.

माझं मन खरं तर दुसऱ्याच नगावर बसलं होतं. साधा रिकर्व्ह क्रॉसबो, कॅनडाच्या एक्सकॅलिबर कंपनीचा. दोन पाती, एक दोरी, बस. ना चकरी, ना केबल, ना टायमिंग. दोरी झिजली तर घरच्या घरी बदलता येते. कंपाउंडची केबल बदलायला प्रेस लागतो, म्हणजे पुन्हा दुकान. यंत्रात जितके भाग कमी तितकं चांगलं, हे मी पोट भरता भरता शिकलोय. पण भाचा बसणार होता एका शेतकऱ्याच्या मक्याच्या कडेला, कापडी तंबूसारख्या आडोशात. रिकर्व्हची पाती ऐसपैस. आम्ही दुकानातच दोन खुर्च्या आणि एक स्टँड लावून तंबूची खिडकी केली आणि धनुष्य डावीकडून उजवीकडे वळवून पाहिलं. पातं दर वेळी स्टँडला ठक्‌. त्या ठक्‌वर हरीण पळालं असतं. अरुंद कंपाउंड मात्र ताणल्यावर वीतभर रुंदीचा, कोपर अंगाला लावून फिरतो. तिथंच माझा रिकर्व्ह हरला. झाडावर किंवा मोकळ्यात बसणाऱ्यानं मात्र त्याला सोडू नये, हे माझं मत अजून आहे.

तो अरुंद प्रकार गाजवला तो रेव्हिन कंपनीनं, आणि ती विस्कॉन्सिनातल्याच सुपिरिअर गावची, त्यामुळे तिथं दुकानात तिचा थाट वेगळा. किंमतही वेगळी. आम्ही तिकडे फक्त हात लावला. घेतला तो दुसऱ्या एका कंपनीचा, वेग ३८० च्या आसपास, हँडल, दुर्बीण, बाण, सगळं धरून हजार डॉलरच्या आत. सुरुवातीचे नग तीन-चारशेतही मिळतात आणि हरीण त्यानंही पडतं. पण त्या किमतीतले जे मी हाताळले त्यांचा घोडा खरखरीत होता. दाबायला लागलं की मध्येच अडकतो, मग झटक्यात सुटतो, आणि त्या झटक्यात नेम हलतो. दहा-वीस वेळा दाबून बघा, अर्थात बाण लावून, निशाणावर.

दुर्बिणीत एकाखाली एक ठिपके असतात, २०, ३०, ४० वारांचे. कारण बाण पडतो. २० वारांवर तो सुटल्या रेषेपासून अर्धा फूट खाली, ४० वर दोन फूट. त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला की सगळं चुकलं. अंतर मोजायचं लेझर यंत्र वेगळं घ्या, धनुष्याचे शंभर डॉलर कमी करा पण ते घ्या. भाच्यानं आडोशाभोवती रंगीत फिती बांधल्या, २० वर लाल, ३० वर पिवळी, आणि ठरवलं की पिवळ्या फितीपलीकडे हात लावायचा नाही.

बाणाच्या शेपटाचा खाचा कंपनी सांगेल तोच. अर्धचंद्र, सपाट, पकडणारा, असे तीन-चार प्रकार आहेत, आणि चुकीचा लावला तर दोरी बाणाच्या वरून सरकते. तेव्हा ते नुसतं बाण न लावता सोडल्यासारखंच होतं. बाणाच्या टोकाचं कापणारं पातं १०० ग्रेनचं. स्थिर पातं की उघडणारं, यावर तिकडे पारावर बसल्यासारखे वाद घालतात. उघडणारं पातं हवेत सराव-टोकासारखं सरळ जातं, जखम मोठी करतं, पण हाडावर लागलं तर त्याचा जोर उघडण्यातच जातो. स्थिर पात्यात हलणारं काही नाही, पण वेग जास्त असला की ते हवेत वळतं. इथं पुन्हा वेगच आडवा येतो. ३८० च्या धनुष्यावर भाच्याची स्थिर पाती ३० वारांवर सराव-टोकाच्या शेजारीच लागली. त्यानं तीच ठेवली.

बाणानं हरीण धक्क्यानं मरत नाही, रक्त जाऊन मरतं. म्हणून फुप्फुस. लागल्यावर लगेच मागं धावायचं नाही, निदान अर्धा तास तिथंच बसायचं. पोटात लागलं असेल तर सहा तास, नाहीतर जखमी जनावर उठून कोस दोन कोस जातं आणि सापडत नाही. भाच्याला मिळालं ते पहिल्या थंडीत, लाल फितीच्या अलीकडे, एक मादी. बाण आरपार जाऊन मागच्या मातीत उभा. मी शेजारी बसलो होतो. ती आधी काही झालंच नाही अशी दोन पावलं चालली, मग पळाली, मक्याच्या ताटांत आवाज झाला आणि थांबला. आम्ही घड्याळ बघून बसलो. मला त्या अर्ध्या तासात फार काही चांगलं वाटलं असं नाही, आणि वाईटही वाटलं असं नाही. आपल्या हरभऱ्यातला कळप डोळ्यांपुढं येत होता.

ताई माळकरी. तिनं भाच्याला स्पष्ट सांगितलं, "घरात आणशीन तर मी उद्याच्या इमानानं जाईन." त्यामुळे मांस गावातल्या कापून देणाऱ्याकडे, आणि फ्रीझर गॅरेजात. डोक्याचा नमुना तपासणीला दिला, कारण तिथल्या हरणांत २००२ पासून एक मेंदूचा रोग आहे आणि निकाल येईपर्यंत शहाणे लोक खात नाहीत. निकाल स्वच्छ आला. ताईनं तोपर्यंत गॅरेजचं दार वापरणं सोडलं होतं, समोरून वळसा घालून कचरा टाकायला जायची.

यंदा त्याचा फोन आला. "मामा, त्याच कंपनीचा नवा आला, पाचशेच्या वर जाते म्हणते. जुना देऊन टाकू काय?" मी म्हटलं, कॅमेरा लाव आणि दोरी दाखव. मधल्या गुंडाळीचे धागे फुलले होते, जिथं घोड्याचा हुक धरतो तिथं तर दोरा चपटा झालेला. मेण लावलं होतं का? नाही. पट्टीला तेल? तेही नाही. केबल कधी बदलली? "बदलावी लागते काय?" दोन-तीन मोसमांत दोरी-केबल बदलायचीच असते, वापर कमी असला तरी. त्याला म्हटलं, हे काम आधी दुकानात नेऊन कर, मोसम उघडायला महिना आहे. बदलून झाल्यावर निशाण पुन्हा जुळवावं लागेल, बाण थोडा वर-खाली जाईल. आणि धनुष्याच्या जुन्या पात्यांना काही चिरा आहेत का ते कापसाचा बोळा फिरवून बघ, जिथं धागा अडकेल तिथं चीर.

धागा कुठंच अडकला नाही.